फाटकाकडचा बाण

पिठाच्या गिरणीची साइडिंग म्हणजे मुकादमाचं राज्य, आणि या राज्यात आपल्याखेरीज एकही शहाणा माणूस नाही, असं मुकादमाचं एकतीस वर्षांचं ठाम मत होतं. हे मत बदलावं असं त्याला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी ते बदलून दाखवलं असतं तर त्याला फार वाईट वाटलं असतं.

साइडिंग म्हणजे मुख्य लोहमार्गापासून फुटून गिरणीच्या आवारात शिरलेला एकच रूळमार्ग. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला रूळ संपतो तिथे लोखंडी बफर. आठवड्यातून दोनदा इंजिन गव्हाने भरलेल्या हॉपर वॅगनी आणून उभ्या करायचं आणि निघून जायचं. मग वॅगनीच्या पोटाखालची झडप उघडायची, गहू रुळांमधल्या लांबलचक जाळीतून खालच्या खड्ड्यात पडायचा आणि तिथून पट्ट्यावर बसून गिरणीत जायचा. ऐकायला सोपं. पण ऐंशी टनांची वॅगन इंजिनाशिवाय उभी असते तेव्हा ती नुसती उभी असते, थांबलेली असतेच असं नाही. हे वाक्य मुकादमाचं. प्रत्येक नव्या माणसाला तो ते ऐकवायचा, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही की समाधानाने मान हलवायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. इंजिन सुटलं की आधी एकेका वॅगनीचा दांडा ओढून ब्रेकमधली हवा सोडून द्यायची. कारण इंजिन गेल्यावरही नळ्यांत हवा राहते, ती चाकं आवळून धरते, आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय घट्ट उभी आहे गाडी! ती हवा गळत गळत दुपारपर्यंत संपते. मग जे काही धरून ठेवायचं ते हँडब्रेकने आणि पाचरींनी. म्हणून हवा सोडायची, हँडब्रेकचं हातचाक पहार अडकवून आवळायचं, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. जुन्या स्लीपरांच्या लाकडातून कापलेल्या, तेल पिऊन काळ्या झालेल्या त्या पाचरी. हे सगळं होईपर्यंत वॅगनीखाली कुत्रंसुद्धा जाऊ द्यायचं नाही. यात दीड तास जायचा. गिरणीचे लोक घड्याळ बघत बोटं मोडायचे आणि पाठीमागे त्यालाच ‘पाचर’ म्हणायचे. मुकादमाला ते माहीत होतं. त्याला ते आवडायचंही.

आणि एक गोष्ट अशी होती जी फक्त त्यालाच माहीत होती.

साइडिंगचा उतार फाटकाकडे आहे, असं कुणालाही वाटायचं. कुंपणाची भिंत पायरीपायरीने फाटकाकडे उतरत गेली होती, शेडचा ओटाही त्याच बाजूला ठेंगणा होत गेला होता. डोळ्याला दुसरं काही दिसायलाच तयार नव्हतं. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी मुकादमाच्या हातून ग्रीसच्या डब्याचं झाकण पडलं आणि ओट्याकडेने गडगडत बफरकडे, म्हणजे दिसणाऱ्या चढावर निघालं. त्याने ते उचलून पुन्हा सोडलं. पुन्हा चढावर. मग त्याने पाण्याची अर्धी भरलेली बाटली रुळावर आडवी ठेवली. आतला बुडबुडा हळूहळू फाटकाकडे सरकला. म्हणजे फाटकाची बाजू उंच होती, आणि उतार बफरकडे.

एकतीस वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, वेळ आली की सांगू. मग वाटलं, विचारेल त्याला सांगू. मग इंजिनिअर आले आणि गेले, मोठे साहेब चार झाले, प्रत्येकाने एक डोळा मिटून रुळाकडे पाहिलं आणि ‘फाटकाकडे उतार आहे’ असे अकलेचे तारे तोडले. मुकादम दर वेळी ‘हो साहेब’ म्हणायचा आणि पाचरी दोन्ही बाजूंनी ठोकायचा. दोन्ही बाजूंनी ठोकल्या की उतार कुठेही असो. ते गुपित त्याच्याकडे गोड सुपारीसारखं होतं, गालात धरून चघळायचं.

मग जावई आला.

जावई गिरणीत यायच्या आधी दीड वर्ष घरात आला होता. मुलीने स्वतः पसंत केलेला. मुकादमाची पसंती कुणी विचारली नव्हती, विचारली असती तर त्याने नाक मुरडलं असतं, आणि मुलीला ते ठाऊक असल्यानेच तिने विचारलं नव्हतं. मुलगा सरळ, बोलायला मऊ, नखं स्वच्छ. मुकादमाला त्या नखांचाच पहिला राग आला. या माणसाने आयुष्यात एक बोल्ट तरी फिरवला असेल का? त्यातून तो सुरक्षेचं शिक्षण घेतलेला. पडू नये कसं, भाजू नये कसं, याचं म्हणे शिक्षण असतं, आणि त्याची परीक्षा बसून द्यायची असते.

आठ महिन्यांपूर्वी हाच माणूस गिरणीत सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाला. मुलीने त्या दिवशी दोघांनाही समोर बसवून कायदा केला होता. “गिरणीत हे साहेब आणि बाबा तुम्ही मुकादम. घरात हे जावई आणि तुम्ही मामा. तिथलं इथे आणायचं नाही, इथलं तिथे न्यायचं नाही. कळलं?”

दोघांनी माना डोलावल्या. तेव्हापासून फाटकाच्या आत मुकादम ‘साहेब’ म्हणायचा, ते अशा आवाजात की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. आणि रविवारी जेवायला मुलीकडे गेला की ‘घ्या जावईबापू, वाढून घ्या’ म्हणायचा, त्यातही तोच आवाज थोडा तुपात घोळलेला. नावाने त्याने जावयाला एकदाही हाक मारली नव्हती. गरजच पडली नव्हती.

जावई मात्र ‘मुकादम’ही नीट म्हणायचा आणि ‘मामा’ही नीट म्हणायचा. हे तर मुकादमाला अगदीच असह्य व्हायचं.

मुकादम महिनाअखेर निवृत्त होणार होता. त्याच्या जागी नवा मुकादम नेमायचा नाही, तर सगळं काम लिहून काढायचं, म्हणजे ते कुणालाही करता येईल, असं वर ठरलं. कुणालाही! मुकादम दोन दिवस नीट जेवला नाही. एकतीस वर्षांचं काम एका कागदावर मावणार होतं, आणि तो कागद लिहिणार होता जावई.

जावयाने कागदी घोडे झकास नाचवले. एकवीस चौकोन, प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण करायची. शिवाय नव्या पाचरी आल्या, पिवळ्याधमक, रबराच्या, प्रत्येकीला दोरी. आल्या त्या मात्र निम्म्याच, कारण विकणाऱ्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की उतारावर वॅगनीला फक्त उताराच्या बाजूने पाचर पुरे.

“उताराच्या बाजूने,” मुकादम मनाशी म्हणाला, आणि त्याला आतून गुदगुल्या झाल्या.

जावई त्याला घेऊन साइडिंगवर फिरला. हातात फळी, फळीवर कागद. बफरपाशी जाऊन तो खाली वाकला, एक डोळा मिटला, रुळाच्या रेषेतून फाटकाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत जे जे आले त्या सगळ्यांसारखाच. फरक एवढाच की हा उठून वळला आणि त्याने विचारलं.

“उतार फाटकाकडेच ना, मुकादम?”

विचारेल त्याला सांगू, असं मुकादमाने कधीतरी ठरवलं होतं. विचारणारा समोर उभा होता. पँटीच्या गुडघ्याला धूळ, चेहऱ्यावर खरोखरच्या शंकेचा भाव.

“आम्ही काय, अडाणी माणसं,” मुकादम म्हणाला. “शिकलेले तुम्ही. तुम्ही बघा आणि सांगा.”

जावयाने पुन्हा एकदा पाहिलं. “फाटकाकडेच दिसतोय.”

“मग झालं तर.”

जावयाने कागदावरच्या आकृतीत एक बाण काढला, फाटकाकडे तोंड केलेला. सुबक बाण. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, एक कागद लिहिणाऱ्याची, एक अनुभवी कर्मचाऱ्याची. “तुमची सही लागेल. तुम्ही पाहिलंत म्हणजे माझी काळजी मिटली.”

मुकादमाने सही केली. चांगली ठसठशीत, खाली रेघ ओढून.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस दुष्ट होता. तसं नव्हतं. त्याने मनात जे चित्र रंगवलं होतं ते इतकंच: एखाद्या दुपारी वॅगनी वीतभर सरकतील, आरडाओरडा होईल, जावई मोठ्या साहेबांपुढे तोंडात मारल्यासारखा उभा राहील, आणि सगळे पळत येतील, मुकादम, आता तुम्हीच बघा. मग तो सावकाश उठेल. अपमान कुणाचा करायचा हे त्याने नीट ठरवलं होतं. पण वॅगन सरकेल तेव्हा तिच्याखाली कुणी असू शकेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कारण एकतीस वर्षांत त्याने मान हलवल्याशिवाय वॅगनीखाली कधी कुणी गेलंच नव्हतं. आता मान हलवायचं काम कागदाकडे गेलं होतं, आणि हे एवढं साधं त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

जुन्या पाचरी भंगारात द्यायचा हुकूम निघाला. मुकादमाने स्वतः त्या हातगाडीवर रचून दिल्या, एकेक मोजून. जावई म्हणाला, “चार-दोन ठेवा की, असू द्यात.” मुकादम म्हणाला, “नको साहेब. तुमच्या कागदात त्या नाहीत.” फक्त एक ठेवली, सगळ्यात मोठी. ती त्याच्या खोपटाबाहेर बसायला होती. तिच्यावर बसून तो चहा प्यायचा.

नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी नऊ वॅगनी आल्या. मुकादमाला ‘निरीक्षक’ म्हणून बसवलं होतं. तो आपल्या पाचरीवर बसला आणि निरीक्षण करू लागला.

काम करणाऱ्यांत पुढे होता लंबू. हा लंबू वॅगनीएवढाच उंच आणि, मुकादमाच्या मते, वॅगनीएवढाच हुशार. त्याने हँडब्रेकचं चाक हातानेच फिरवलं, पहार न लावता, आणि हात झटकले. कागदावर ‘हँडब्रेक लावला’ असं होतं. किती लावला, ते नव्हतं. पिवळ्या पाचरी चाकांच्या फाटकाकडच्या बाजूला लागल्या, दोऱ्या कशा एका ओळीत. हवा कुणी सोडली नाही. कागदात तो चौकोनच नव्हता, कारण मुकादम हवा सोडायचा ते इतक्या सवयीने की जावयाला पद्धत सांगताना सांगायचंच राहून गेलं. राहून गेलं, असं तो स्वतःला म्हणायचा.

“आता रेटून बघा,” जावई म्हणाला.

लंबूने चाकाखाली पहार घालून जोर लावला. वॅगन तसूभरही हलली नाही.

“बघितलंत मुकादम? पंचवीस मिनिटांत झालं.” जावई हसत खोपटापर्यंत आला. त्या हसण्यात फुशारकी नव्हती, नुसता आनंद होता. परीक्षेत पास झालेल्या पोराने निकाल घरी आणून दाखवावा तसा.

“छान,” मुकादम म्हणाला. “अगदी छान.” मनात म्हणाला, हवा आहे रे ती, उंटावरच्या शहाण्या. जेवणाच्या सुट्टीनंतर विचार तिला.

दोन वॅगनी रिकाम्या झाल्या. सुट्टी झाली. सुट्टीनंतर तिसऱ्या वॅगनीची झडप अर्ध्यात अडली. प्रवासात पाणी लागून गव्हाचा गठ्ठा झाला होता. वॅगनीला बाहेरून हादरे देणारं एक यंत्र होतं, लोक त्याला खुळखुळा म्हणायचे. तो लावला. सगळी रांग दातखीळ बसल्यासारखी थडथडू लागली, शेजारी उभ्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. गहू काही सुटेना.

“खालून पहारेने गठ्ठा फोडायला हवा,” लंबू ओरडला, आणि बोलून झाल्यावर मागे सरकला. आतापर्यंत असं खाली जायचं ते मुकादमाची मान हलल्यावर. लंबूने सवयीने खोपटाकडे पाहिलं. मुकादमाने मुद्दाम आभाळाकडे पाहिलं.

जावयाने हे पाहिलं की नाही कुणास ठाऊक. त्याने फळीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, एकवीसच्या एकवीस खुणा बोट ठेवून तपासल्या. मग फळी लंबूच्या हातात दिली आणि त्याच्या हातातली पहार घेतली. “तुम्ही थांबा. मी जातो. कागद माझा आहे.”

आणि तो रुळावर आडवा झाला. पाय बाहेर, छाती रुळावर, डोकं आणि हात वॅगनीच्या पोटाखाली. त्याच्या फाटकाकडच्या अंगाला, हातभर अंतरावर, तिसऱ्या वॅगनीचं चाक.

मुकादम आभाळातून खाली आला तो एवढंच बघायला, की साहेबांची स्वच्छ पँट कशी मळते. चहाचा पेला ओठाला होता. आणि तेव्हा त्याला पिवळी पाचर आणि चाक यांच्यामध्ये उजेड दिसला.

नखाएवढा उजेड. पाचर चाकाला चिकटलेली असायला हवी होती. चाक तिच्यापासून दूर निघालं होतं, बफरच्या दिशेने, खुळखुळ्याच्या प्रत्येक थडथडीबरोबर केसाकेसाने. हवा संपली होती. लंबूने हाताने आवळलेला ब्रेक लंबूच्याच लायकीचा होता. उजेड बोटाएवढा झाला.

मुकादमाच्या काळजात चर्र झालं. त्याने बायको गेली तेव्हासुद्धा असं काही अनुभवलं नव्हतं, कारण तेव्हा त्यात त्याचा हात नव्हता. ज्या कागदाला तो इतके दिवस हसत होता त्या कागदावर विश्वास टाकून हा माणूस रुळावर छाती ठेवून निजला होता. आणि त्या कागदावर विश्वास ठेवण्यासारखं जे काही होतं ते म्हणजे मुकादमाची सही.

तो ओरडला. काय ओरडावं हेच त्याला कळेना. ‘साहेब’ निघालं, ‘जावई’ निघालं, दोन्ही अर्धवट. खुळखुळ्याने दोन्ही गिळलं. मुलीच्या नवऱ्याचं नाव त्याला माहीत होतं, पत्रिकेवर छापलेलं त्याने वाचलं होतं, पण तोंडाला त्याची सवय नव्हती, आणि तोंड ऐनवेळी उघडं राहिलं.

मग त्याने बसायची पाचर उचलली. एरवी ती उचलायला त्याला दोन्ही हात आणि दोन शिव्या लागायच्या. त्या दिवशी ती कशी उचलली गेली ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. चहा अंगावर सांडला, चप्पल एक खोपटापाशी राहिली, एकदा पडून गुडघा फुटला. तो चाकापाशी पोचला तेव्हा चाक आणि जावयाची बरगडी यांत वीतभर जागा होती. त्याने पाचर त्या जागेत कोंबली, बफरच्या बाजूने, जिथे एकतीस वर्षं कोंबायचा तिथे. चाक तिच्यावर चढलं, लाकूड करकरलं, आणि मुकादमाचं बोट वेळेत निघालं नाही.

चाक थांबलं.

दुखलं ते त्याला कळलं नाही. त्याने जावयाची पँट कमरेला धरली आणि गव्हाचं पोतं ओढावं तसं त्याला बाहेर ओढलं. जावई वैतागून काहीतरी म्हणतच उताणा पडला, तोंडावर पिठासारखी धूळ. तेवढ्यात जुनं लाकूड शिरेतून उभं चिरलं, पाचरीचे दोन तुकडे झाले, आणि चाक त्यांच्यावरून पुढे गेलं. दोन हात गेलं. जिथे छाती होती तिथून गेलं. पहार तिथेच राहिली होती, ती रुळावर चेपून वाकली.

“पहार लावून आवळ!” मुकादम लंबूवर किंचाळला. “हातचाक! पहार लाव गाढवा, पहार!” लंबू एकदाचा पळाला. मुकादम स्वतः दुसऱ्या वॅगनीवर चढला. दोन, तीन, चार हँडब्रेक पहारेने आवळले तेव्हा रांग कण्हत थांबली. कुणीतरी खुळखुळा बंद केला. एकाएकी एवढं शांत झालं की खड्ड्यात पडणाऱ्या गव्हाची बारीक सळसळ ऐकू येऊ लागली. झडप आता सुटली होती.

जावई उठून बसला होता. त्याने वाकलेल्या पहारेकडे पाहिलं. मग पाचरीच्या तुकड्यांकडे, मग चाकांपासून दोन हात मागे राहिलेल्या पिवळ्या पाचरींकडे, ज्या एका ओळीत, दोऱ्यांसकट, कुणालाच न अडवता उभ्या होत्या.

“उतार इकडे आहे,” तो म्हणाला. मग मुकादमाकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, “मामा, तुम्हाला माहीत होतं?”

गिरणीच्या आवारात ‘मामा’. मुलीचा कायदा आठ महिन्यांत पहिल्यांदा मोडला होता, आणि मोडणाऱ्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

मुकादमाकडे उत्तरं तयार होती. तो उत्तरांसाठी प्रसिद्ध होता. ‘अंदाज होता थोडा.’ ‘तुम्ही विचारलंत कुठे नीट?’ त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली. लंबूसमोर, सगळ्यांसमोर तो रुळाच्या कडेला बसला.

“बाटली आणा,” तो म्हणाला. “अर्धी भरलेली. आडवी ठेवा रुळावर.”

लंबूने आपली पाण्याची बाटली दिली. जावयाने ती रुळावर ठेवली. बुडबुडा डुगडुगला आणि सावकाश फाटकाकडे गेला. तिथे जमलेल्या प्रत्येकाला तो दिसला, लंबूलासुद्धा.

“किती वर्षं?”

“एकतीस.”

“आणि सही केलीत.”

मुकादमाने मान हलवली. त्याच्या बोटातून रक्त गळत होतं आणि खडीत जिरत होतं. जावयाने ते पाहिलं, खिशातला रुमाल काढला, बोट घट्ट बांधलं, व्यवस्थित, शिकवल्यासारखं. बांधून झाल्यावर त्याने वर पाहिलं, आणि ती नजर मुकादमाने लगेच ओळखली. एकतीस वर्षं तो जगाकडे ज्या नजरेने बघत आला होता, तीच. फक्त दुसऱ्या बाजूने ती कशी लागते हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

जावयाने फळी मागितली. बाण खोडला, उलट्या दिशेला नवा काढला. बाविसावा चौकोन आखला, त्यात हवा सोडायचं लिहिलं. तेविसावा, पहार लावून ब्रेक आवळायचा. पाचरी दोन्ही बाजूंनी, असं खाली दोनदा रेघ मारून. मग कागद पुढे केला.

“वाचा आधी. मग सही करा.”

मुकादमाने वाचला. पहिल्यांदाच वाचला. चांगला कागद होता, दोन-तीन गोष्टी सोडल्या तर. त्या दोन-तीन गोष्टी त्याच्याकडेच होत्या. त्याने डाव्या हाताने सही केली. ती वाकडी आली.

रविवारी तो मुलीकडे जाणारच नव्हता. पण न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं, म्हणून गेला. मुलीने दारातच बोट पाहिलं. “बाबा! हे काय झालं?”

मुकादमाने जावयाकडे पाहिलं. जावई पाट मांडत होता. आता सांगेल, सगळं सांगेल, आणि सांगितलेलंच बरं, असं मुकादमाला वाटलं. मुलगी रडेल, ओरडेल, घरातून चालते व्हा म्हणेल. ते सगळं त्याने चार दिवस मनात ऐकून ठेवलं होतं.

“साइडिंगवर लागलं,” जावई म्हणाला. “वेळेवर हात घातला त्यांनी, म्हणून मी इथे आहे. तुला सांगितलं ना.”

म्हणजे त्याने सांगितलं होतं. अर्धंच सांगितलं होतं. मुलीचे डोळे भरून आले, तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. “आणि तुम्ही म्हणे याला नावं ठेवता,” ती म्हणाली. मुकादम खांब होऊन उभा राहिला.

जेवायला बसले. मुलगी वाढत होती, बोलत होती, आज तिला गप्प राहवत नव्हतं. मुकादम खाली मान घालून घास मोडत होता. दोनदा त्याने तोंड उघडलं. जावयाच्या नावाचं पहिलं अक्षर जिभेवर आणलं आणि भाजीच्या घासाबरोबर परत आत ढकललं. आता कुठल्या तोंडाने म्हणायचं?

जावयाने भाजीचा घास घेतला, थांबला, आणि समोर न बघताच हात पुढे केला.

“मुकादम, मीठ द्या जरा.”

मुलगी खळखळून हसली. “अरे, घरात मामा! विसरलास? कायदा आहे माझा.”

जावईही हसला, तिच्याकडे बघून. चूक सुधारली मात्र नाही.

मुकादमाने बांधलेल्या हाताने मिठाची वाटी उचलली आणि पुढे सरकवली. “घ्या, साहेब,” तो म्हणाला. या वेळी त्या आवाजात शिवी नव्हती.